काय दिवे लावणार?

२०२३ सालच्या डिसेंबरांत नागपुरास विधिमंडळाचें अधिवेशन भरलें होतें. मराठा-कुणबी समाजांतील संशोधक विद्यार्थ्यांना ‘सारथी’ संस्थेमार्फत मिळणाऱ्या फेलोशिपचा प्रश्न विधान परिषदेंत निघाला. वर्षाला २०० च मुलांना ती कां, पात्र असलेल्या बाकीच्यांनीं काय करावें, एवढाच सवाल होता. त्यावर एका वजनदार मंत्र्यांनीं उलट पुसलें कीं, पीएच्. डी. करून हीं मुलें काय दिवे लावणार आहेत? बाहेर मोठा गलका झाला. विद्यार्थी संतापले, निषेध झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि मग सर्व थंड झालें.

आम्हांला त्या मंत्र्यांशीं भांडावयाचें नाहीं. मंत्री येतात आणि जातात. प्रश्न मागें राहतो. शिवाय हा प्रश्न एकट्या मंत्र्यांचाच आहे असेंही नाहीं. साताऱ्याकडच्या नाहीं तर रत्नागिरीकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसा. मुलगा एम्. एस्सी. झाला आणि आणखी पांच वर्षें शिकणार म्हणतो, हें ऐकलें कीं बाप हेंच विचारतो. नोकरी कधीं, लग्न कधीं, सोसायटीचें कर्ज कोण फेडणार, आणि एवढें शिकून तूं आमचें काय भलें करणार? ज्यानें बैल विकून पोराची फी भरली त्याला हें विचारण्याचा पुरा हक्क आहे. म्हणून या प्रश्नाचें उत्तर रागानें न देतां हिशेबानें द्यावें, असें आम्हीं ठरविलें आहे. आमचा हिशेब वरळीपासून सुरू होतो.

वरळीच्या बी. डी. डी. चाळी आमच्या वाचकांना नव्यानें सांगावयास नकोत. कोंकणांतल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतला एखादा चुलता, एखादा मामा त्या चाळींत राहून गिरणींत राबून गेला आहे. एका गांवच्या मंडळींनीं मिळून एक खोली धरावी, ज्याची पाळी सुटेल त्यानें आंत येऊन आडवें व्हावें, ज्याची पाळी लागेल त्यानें उठून भोंग्याकडे धांवावें, असे दिवस त्या भिंतींनीं पाहिले आहेत. खोली १६० चौरस फुटांची, मधल्या अंधाऱ्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना अशा खोल्यांची रांग, संडास सर्वांत मिळून. एका चाळींत ८० खोल्या आणि एकट्या वरळींत १२१ चाळी.

या चाळी कोणाच्या पैशानें उभ्या राहिल्या, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनें कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत आंखला आणि त्याकरितां मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर बसविला. कर भरला व्यापाऱ्यानें. पण व्यापारी कर भरतो तेव्हां तो कोणाच्या भावांतून कापून घेतो, हें वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला आम्हीं शिकवावें असें नाहीं. ५०,००० खोल्यांच्या जागीं वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. आणि झाल्या त्याही पहिल्या कित्येक वर्षांत भरल्या नाहींत. जागा त्या वेळीं शहराच्या टोंकाला, भाडें न पेलणारें आणि खोल्यांत उजेड नाहीं. वरळीच्या अनेक चाळी रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या कायदेभंगांत सरकारनें तेथें सत्याग्रह्यांसाठीं तात्पुरता तुरुंग केला. जें घर कामगाराला घर वाटलें नाहीं, तें सरकारला तुरुंग म्हणून बरोबर बसलें!

हें असें कां झालें? पैसा होता, सिमेंट होतें, विलायतेहून शिकून आलेले इंजिनीयर होते. परंतु ज्यानें राहावयाचें त्याच्या बिऱ्हाडीं जाऊन, तो कसा निजतो, चूल कोठें मांडतो, त्याच्या खोलींत वारा कोठून येतो, हें मोजून त्यावरून नकाशा काढावा, असें कोणाला सुचलें नाहीं. मोजणारा माणूस नसला म्हणजे काय होतें, त्याचें हें शंभर वर्षांचें उदाहरण वरळीस उभें आहे.

आतां वरळीचें रूप बदलत आहे. २०२१ सालीं म्हाडामार्फत पुनर्विकासाचें काम सुरू झालें आणि २०२५ च्या ऑगस्टांत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागीं ५०० फूट आणि तींन मजल्यांच्या चाळीच्या जागीं चाळीस मजल्यांचे मनोरे. आम्हांला याचा आनंद आहे. पहांटे डबा घेऊन संडासाच्या रांगेंत उभ्या राहिलेल्या बाईला घरांतल्या घरांत मोरी आणि संडास मिळणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं चार पिढ्या तें आहे त्यांना कळावयाचें नाहीं. मात्र आनंद झाला म्हणून प्रश्न विचारूं नये असें थोडेंच आहे? मनोरा उंच झाला. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर वारा किती पोंचतो? दुपारीं बाराला तेथें ऊन येतें कीं दिवा लावावा लागतो?

हा प्रश्न आम्ही उगाच काढलेला नाहीं. मुंबईंतच गोवंडी-मानखुर्दकडे तो आधीं निघाला आहे. तेथें झोंपडपट्ट्यांतून उठविलेल्या लोकांसाठीं लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती बांधल्या. दोन इमारतींच्या मध्यें जागा किती? तीन मीटर, म्हणजे जेमतेम दहा फूट! तेथल्या लोकांमध्यें क्षयाचे रोगी फार दिसूं लागले. परळच्या केईएम रुग्णालयांतल्या तरुण डॉक्टरांनीं २००७ सालीं सुरू केलेली ‘डॉक्टर्स फॉर यू’ नांवाची संस्था त्या भागांत दवाखाना चालवीत होती. औषध देतां देतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, औषध आपण देतों पण रोग घरांतून येतो आहे. मग पवईच्या आय. आय. टी. मधल्या रोनिता बर्धन, अर्णव जना अशा त्या वेळीं उमेदीच्या असलेल्या अध्यापकांशीं त्यांनीं हात मिळविले. ही मंडळी घरोघर फिरली. खिडकी केवढी, तिच्यासमोर भिंत किती अंतरावर, आंत उजेड किती, वारा किती, घरांत क्षय कोणाला झाला, हें सर्व लिहून घेतलें. जवळच्याच पी. एम्. जी. कॉलनींत इमारती मोकळ्या अंतरावर आहेत. तेथेंही तसेंच मोजलें. निष्कर्ष असा निघाला कीं, दाटीच्या दोन्ही वसाहतींत क्षय पी. एम्. जी. कॉलनीपेक्षां कितीतरी अधिक, आणि खालच्या मजल्यांवर, जेथें ऊन-वारा पोंचत नाहीं तेथें, धोका अधिक.

याच मंडळींच्या कामांत ‘हवेचें वय’ असें एक माप आहे. तें आमच्या वाचकांनीं समजून घ्यावें. खोलींत शिरलेली हवा बाहेर पडून तिच्या जागीं नवी हवा येईपर्यंत जो वेळ जातो, तें हवेचें वय. क्षयाचा रोगी खोकला कीं त्याचे जंतू सूक्ष्म थेंबांतून हवेंत तरंगत राहतात. वारा खेळता असला तर ते विरळ होऊन बाहेर जातात, ऊन लागलें तर मरतात. हवा कोंडून राहिली तर तीच हवा घरांतलें लेकरूं पुनः पुनः ओढतें. शिळी भाकरी हाताला लागतांच कळते. शिळी हवा कोणाला दिसत नाहीं, म्हणून ती मोजावी लागते. ती मोजण्यासाठींच हीं शिकलेलीं माणसें लागतात.

त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. रमित देबनाथ नांवाच्या त्या वेळच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या अध्यापकांबरोबर विजेचा हिशेब केला. झोंपडी सोडून इमारतींत गेलेल्या कुटुंबांचें विजेचें बिल वाढतें. पूर्वीं दाराबाहेर बसून होणारीं कामें आतां बंद खोलींत होतात. दिवसा दिवा, रात्रंदिवस पंखा. घर फुकट मिळालें तरी घरांत राहणें महाग पडतें, आणि ज्यांना तें पेलत नाहीं ते घर सोडून पुनः झोंपडीकडे वळतात. लोक पुनः झोंपड्यांत कां जातात, याचें उत्तर पुष्कळ पुढाऱ्यांनीं ‘त्यांना संवयच तशी’ असें दिलें होतें. या पोरांनीं बिलें तपासून खरें कारण पुढें मांडलें. आतां सांगा, हा दिवा नव्हे तर काय?

दुसरा दिवा कोंकणांतला. वरळीच्या चाळकऱ्यांना तो लवकर पटेल, कारण त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या गांवीं विंचवानें माणूस मेलेला त्यांनीं पाहिला असेल. जालना जिल्ह्यांतल्या देहेड गांवच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा हिंमतराव बावस्कर डॉक्टर झाला आणि १९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोकरीला लागला. वय पंचविशीचें. तेथें लाल विंचू चावलेलीं माणसें येत. अंगाला दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार, शेवटीं छातींत पाणी होऊन तोंडाला फेंस. शंभरांतले तीस-चाळीस जण दगावत. बाहेर मांत्रिक होता आणि डॉक्टरांच्या पुस्तकांतही नेमकें औषध नव्हतें. दुसरा एखादा ‘उपाय नाहीं’ म्हणून मोकळा झाला असता. हा गृहस्थ रोग्याच्या उशाशीं बसला. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हां सुटला, याची टिपणें करीत गेला आणि तीं टिपणें विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रांत १९८२ सालीं छापून आलीं.

त्यांतून उपाय निघाला. विंचवाच्या विषानें शरीरांतल्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरतें. तेव्हां आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें औषध द्यावयास पाहिजे. तसें ‘प्रॅझोसिन’ नांवाचें औषध बाजारांत रक्तदाबासाठीं आधींपासून मिळत होतें, तेंही स्वस्त गोळीच्या रूपानें. १९८३ पासून तें देण्यास आरंभ झाला. पुढें त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीही या कामांत साथ दिली. शंभरांत तीस-चाळीस मरत होते, तेथें मरणारा एखादाच राहिला. २०२२ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. भातकापणीला गेलेली एखादी मायबहीण विंचू चावूनही संध्याकाळीं घरीं परत येते, त्या घरांतला दिवा कोणीं लावला?

कोणी म्हणेल, असे लोक लाखांत एक. चाळींत आणि झोंपडींत शास्त्रज्ञ निपजत नाहींत. त्यांनीं परळची वाट धरावी. परळच्या बी. आय. टी. चाळींत दोन खोल्यांचें बिऱ्हाड करून राहिलेल्या भीमराव आंबेडकरांनीं १९१८ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, हिंदुस्थानांतल्या लहान शेतांवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेताचे तुकडे नुसते जोडून भागणार नाहीं. जमिनीवर पोट भरणारीं तोंडें फार झालीं आहेत, त्यांना कारखान्यांत काम मिळालें पाहिजे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. गांवांत पोट भरेना म्हणून गिरणीची वाट धरलेल्या माणसांच्या शेजारींच राहून हा विचार झाला. दुखणें जेथें आहे तेथेंच त्याचा अभ्यास झाला, म्हणून तो आजही शिळा वाटत नाहीं.

आणखी एक गोष्ट मुंबईचीच, पण ती सावधगिरीची. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हा छत्तीस वर्षांचा शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली घेऊन लस करूं लागला आणि १८९७ च्या १० जानेवारीस त्यानें ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं १० मार्चला पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुल्यांचा अंत झाला. एकाजवळ लस होती, दुसरीजवळ माया होती. लोकांना दोन्हींची गरज होती. सरकारनें मात्र घरांत शिपाई घुसविले, माणसें ओढून नेलीं, त्यामुळें लोक लसीलाही भ्याले. शास्त्र दांडक्याबरोबर आलें कीं लोक दार लावून घेतात, आणि शुश्रूषेबरोबर आलें कीं दार उघडतात. बिरवाडीचा डॉक्टर आणि गोवंडीचीं मुलें दुसऱ्या वाटेनें गेलीं, म्हणून त्यांना लोकांनीं आंत घेतलें.

आतां आमच्याच पदराकडे पाहूं. सगळेच पीएच्. डी. असे असतात काय? मुळींच नाहीं. बढतीसाठीं प्रबंध लिहिणारे आहेत, दुसऱ्याचें उतरवून काढणारे आहेत, पुढाऱ्यांच्या कर्तृत्वावर पोथी रचून त्यांच्याच हातून शाल घेणारेही आहेत. मंत्र्यांच्या प्रश्नांत एवढा भाग खरा आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बाजारांत खोटे पैसे निघाले म्हणून टांकसाळीला कोणी टाळें लावीत नाहीं. पैसा वाजवून घ्यावा. प्रबंध कोणत्या प्रश्नावर, कोणाच्या घरीं जाऊन, काय मोजून केला, हें कसून विचारा. आणि जो खरा उतरेल त्याला पोटाला द्या.

पोटाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों. राष्ट्रीय फेलोशिपचा दर २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठीं महिना ३७,००० रुपये आहे. आंकडा लहान नाहीं. पण हा पैसा महिन्याच्या महिन्याला हातीं पडला तर त्याचा उपयोग. सहा सहा महिने हप्ता तुंबला तर ज्याच्या घरीं गांठीला पैसा आहे तो तग धरतो, आणि ज्याच्या बापानें बैल विकला तो प्रबंध अर्धा टाकून मिळेल त्या खाजगी नोकरीला लागतो. म्हणजे गाळणी बुद्धीची न राहतां ऐपतीची होते. मग विंचवाचा, क्षयाचा, कोंदट खोलीचा अनुभव ज्याच्या अंगावर आहे तोच अभ्यासांतून गळतो, आणि ज्यानें तो कधीं घेतला नाहीं त्याच्या हातीं आमचे प्रश्न जातात. मग पुनः १९२० सारख्या चाळी होतात!

म्हणून आमचें म्हणणें तिघांना आहे.

सरकारला आमचें म्हणणें असें कीं, वरळींत लोक राहावयास गेले आहेत, तेथें खालच्या मजल्यांवर वैशाखांत आणि ऐन पावसाळ्यांत हवा व उजेड मोजा. हें काम तरुण संशोधकांकडे सोंपवा आणि जें माप निघेल तें मराठींत इमारतीच्या दाराशीं लावा. सर्व इमारती एका दिवशीं उभ्या राहत नाहींत. पहिलीचें माप पुढचीच्या नकाशाला उपयोगी पडेल. आणि फेलोशिपचा हप्ता पगारासारखा ठरल्या तारखेस द्या. ज्या मुलाला उद्यांच्या जेवणाची चिंता आहे त्याच्याकडून दिव्याची अपेक्षा करणें हें तेल न घालतां वात पेटविण्यासारखें आहे.

तरुण संशोधकांना सांगणें असें कीं, तुम्ही आमच्या घरीं येतां, खिडक्या मोजतां, रक्त काढतां, प्रश्न विचारतां. मग कागद घेऊन जातां ते परत येत नाहीं. तुमचा लेख विलायतेस छापून येतो आणि ज्या बाईच्या खोलींत तुम्हीं माप घेतलें तिला तो कधीं दिसत नाहीं. हें बरें नव्हे. काय सांपडलें तें तिच्या भाषेंत, तिच्या दारांत बसून सांगा. तुमच्या पदवीवर तिचाही हक्क आहे.

आणि आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांना शेवटचें. सर्वेक्षणाला आलेल्या पोराला दारांतून हांकलूं नका. तो सरकारी शिपाई नव्हे, तुमचाच कोणाचा तरी मुलगा आहे. त्याला पाणी द्या, खरें सांगा आणि जातांना विचारा, ‘बाबा, यांतून काय निघालें तें सांगावयास परत येशील ना?’ आणि तुमच्या घरांतला पोरगा किंवा पोरगी आणखी चार वर्षें शिकणार म्हणाली तर ‘काय दिवे लावणार’ हें जरूर विचारा. पण उत्तर ऐकून घेण्यास बसा. ती म्हणेल, आपल्या विहिरीच्या पाण्यांत काय आहे तें पाहणार, कापसावरची बोंडअळी औषधाला दाद कां देत नाहीं तें शोधणार, आजीला खोकला कशानें लागला तें धुंडाळणार. असें उत्तर आलें तर दुसरा बैल राखून ठेवण्याचा विचार सोडून द्या.

असो. दिवे कोणते लागले तें आम्हीं वरळी, गोवंडी, बिरवाडी दाखवून सांगितलें. आतां तेल कोण देणार, हें सांगण्याची पाळी विचारणाऱ्यांची आहे.